घाटातली जीप, घरचा पाना आणि ऑइलची तपासणी

नवापूरहून पिंपळनेरला निघाले की चरणमाळ घाट लागतो. धुळ्याकडे जाणारा महामार्ग विसरवाडी सोडली की कोंडाईबारी घाटाला भिडतो. तापी ओलांडून उत्तरेला गेले तर तळोद्याहून धडगावकडे चांदसैली घाट, अक्कलकुव्याहून मोलगीकडे देवगोई घाट आणि शहाद्याहून तोरणमाळला चढताना सातपायरी घाट. या वाटांवर बोलेरो, पिकअप, क्रूझर, जुन्या कमांडर आणि मॅक्स वर्षभर चालतात. कोंबड्यांचे क्रेट, तुरीची पोती, बाजाराची माणसे, दवाखान्यात न्यायची बाळंतीण हे सगळे त्यांच्यावरच असते. डांबर संपून मुरूम लागला, मुरूम संपून नाला लागला, तरी गाडी थांबवून चालत नाही.

ऑफ-रोडिंग हा शब्द आपल्याकडे आला तो हौशी लोकांबरोबर. रुंद टायर, विंच, पावसाळ्यात चिखलात उतरणाऱ्या थार आणि गुरखा. हौस वाईट नाही. गाडीखाली स्वतः शिरून नट-बोल्ट ओळखणारे बरेच तरुण या हौसेतूनच तयार झाले. पण नंदुरबार जिल्ह्यात कच्च्या रस्त्याची गाडी ही मुख्यतः पोटासाठी चालते, आणि इंजिनाच्या दृष्टीने पोटासाठीचा घाट हौसेच्या घाटापेक्षा कठीण असतो, कारण तो रोज चढावा लागतो आणि बहुधा क्षमतेहून अधिक भार घेऊन. म्हणून गाडीची देखभाल स्वतः किती करावी आणि इंजिन ऑइल प्रयोगशाळेतून तपासून घेणे परवडते का, हे दोन्ही प्रश्न पोटासाठी घाट चढणाऱ्या पिकअपवाल्याला समोर ठेवूनच पाहायला हवेत. हौशी मालकाला त्याच उत्तरातून आपले उत्तर मिळेल.

सुरुवात ऑइल कधी बदलायचे इथून करू, कारण सर्वांत जास्त घोळ तिथेच आहे. आजच्या बहुतेक डिझेल गाड्यांच्या माहितीपुस्तकात १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, असा आकडा असतो. त्याच पुस्तकात थोडे पुढे धूळ, चढ, जादा भार आणि कमी वेग अशा खडतर वापरासाठी वेगळी, कमी मुदत दिलेली असते. ते पान फारसे कोणी उघडत नाही. आता हिशेब करा. महामार्गावर ताशी ५० च्या सरासरीने १०,००० किलोमीटर व्हायला इंजिन २०० तास चालते. चांदसैलीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ताशी २० ची सरासरी धरली तर तेवढ्याच किलोमीटरना ५०० तास लागतात. मीटरवर आकडा एकच, पण ऑइलने सोसलेली आच अडीचपट. शिवाय थांब्यावर प्रवासी भरेपर्यंत इंजिन चालू ठेवायची सवय असते. ते तास तर किलोमीटरमध्ये येतच नाहीत.

गंमत म्हणजे हे गणित आपल्या शेतकऱ्याला पाठ आहे. ट्रॅक्टरच्या मीटरवर तास असतात आणि बहुतेक ट्रॅक्टरांचे ऑइल अडीचशे तासांच्या आसपास बदलले जाते. तोच माणूस पिकअपमध्ये बसला की तास विसरतो आणि किलोमीटर मोजू लागतो. घाटातल्या गाडीला तास मोजणारे छोटे मीटर बसवून घ्यावे, किंवा निदान वहीत रोज इंजिन किती वेळ चालले याचा अंदाज लिहावा. ऑइलबाबत एकच सुधारणा करायची झाली तर मी ही सुचवीन. तिला प्रयोगशाळा लागत नाही.

दुसरी गोष्ट धुळीची. इंजिन फार वापरल्याने जितके झिजते त्याहून कितीतरी लवकर ते धुळीने झिजते. बेअरिंग आणि पिस्टन रिंगजवळ ऑइलचा जो थर असतो तो काही मायक्रॉनचाच असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, म्हणजे या थरापेक्षा कितीतरी पट. ५ ते २० मायक्रॉनचे मातीचे कण डोळ्यांना सुटे दिसत नाहीत, पण नेमके तेच या थरात शिरून धातू घासतात. आपल्याकडे सातपुड्याचा मुरूम आणि काळ्या पाषाणाचा चुरा, दोन्ही घासायला पक्के. त्यात फागणे ते गुजरात सीमा हे महामार्गाचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. नवापूर-विसरवाडी पट्ट्यातल्या गाड्यांनी त्या काळात डांबरावर असूनही कच्च्या रस्त्याची धूळ खाल्ली.

धुळीवर उपाय म्हणजे एअर फिल्टर, आणि तिथेच मनापासून काळजी घेणारा मालक सर्वांत मोठी चूक करतो. दर आठवड्याला फिल्टर काढून पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरने फुंकून घ्यायचा. कागदी फिल्टरला जवळून जोराची हवा मारली की कागदाला न दिसणाऱ्या फटी पडतात, आणि प्रत्येक वेळी काढता-घालताना रबरी कडेवरची धूळ आतल्या बाजूला सांडते. थोडी धूळ बसलेला कागदी फिल्टर नव्यापेक्षा बारीक गाळतो, ही गोष्ट ऐकायला उलटी वाटते पण खरी आहे. म्हणून फिल्टर उगाच काढू नये. काढलाच तर हलके आपटावा, हवा मारायचीच तर कमी दाबाने आतून बाहेर मारावी, आणि दोन-तीनदा झाले की नवा घालावा. फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी पाइप आणि त्याच्या पट्ट्या हाताने चाचपून पाहाव्यात. पाइपला आतून मातीचा हात लागला तर फिल्टर कितीही नवा असला तरी उपयोग नाही. जुन्या जीपगाड्यांमध्ये आणि बऱ्याच ट्रॅक्टरांत ऑइलच्या वाटीचा एअर क्लीनर असतो. ती वाटी डिझेलने धुऊन ताज्या ऑइलने खुणेपर्यंतच भरायची. खुणेच्या वर भरली तर इंजिन ते ऑइल ओढते, आणि कमी भरली तर धूळ सरळ आत जाते.

घरी करण्यासारख्या बाकीच्या कामांचा पसारा मोठा नाही. सकाळी इंजिन थंड असताना सपाट जागेवर डिपस्टिक पाहणे, कूलंटची पातळी, बेल्ट, पाट्यांचे बुश आणि शॅकल, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस, चाकांचे नट. नाल्यातून गाडी काढणाऱ्याने एक काम आवर्जून करावे. डिफरन्शियलचा ब्रीदर तपासावा. चढ चढून तापलेला अ‍ॅक्सल अचानक गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी आत खेचले जाते. आठवड्याने गिअर ऑइल पाहिले तर ते ताकासारखे पांढुरके झालेले असते. ब्रीदरला लांब नळी जोडून ती इंजिनजवळ उंच बांधली की हा प्रश्न मिटतो. पाच मिनिटांचे काम आहे आणि डिफरन्शियलच्या क्राउन-पिनियनची किंमत ज्याने एकदा मोजली त्याला त्याचे मोल सांगावे लागत नाही.

ऑइल बदलणे हे कामही घरी होते, पण त्यातल्या तीन गोष्टींवर मी अडून बसेन. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरू नये. खाली स्टँड हवा, चाकांना दगड हवेत, जमीन कडक हवी. ड्रेन बोल्टचा तांब्याचा वॉशर दर वेळी नवा हवा. जुना वॉशर गळतो, म्हणून माणूस बोल्ट जास्त आवळतो, आणि दोन-चार वेळा तसे झाले की चेंबरचे आटे जातात. तिसरे म्हणजे नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचे बोट फिरवून तो हातानेच आवळायचा, आणि बसवण्यापूर्वी जुन्या फिल्टरचे रबर इंजिनालाच चिकटून राहिलेले नाही ना, ते पाहायचे. दोन रबरांवर बसलेला फिल्टर चढावर सगळे ऑइल बाहेर फेकतो.

ऑइल कुठले घालायचे, यात २०२० नंतर फरक पडला आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेल गाड्या आल्या. त्यांच्या धुराच्या नळीत काजळी पकडणारा डीपीएफ असतो. जुन्या डिझेल गाडीला १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस दर्जाचे ऑइल उत्तम चालते. तेच ऑइल डीपीएफवाल्या गाडीत घातले तर त्यातल्या धातुयुक्त रसायनांची राख हळूहळू डीपीएफमध्ये साठते. काजळी जळून जाते, राख जळत नाही. म्हणून अशा गाडीला पुस्तकात लिहिलेले कमी राखेचेच ऑइल घालावे, मग ते महाग का असेना. दुकानदार ‘हेच सगळ्यांना चालते’ म्हणाला तरी डब्यावरचे बारीक अक्षर वाचूनच घ्यावे. रिकामे डबे भोक पाडूनच द्यावेत, म्हणजे त्यांत पुन्हा कुणी भलतेच ऑइल भरणार नाही.

डीपीएफचा दुसरा त्रास घाटातच होतो. साठलेली काजळी जाळण्यासाठी गाडी मधूनमधून जास्तीचे डिझेल सोडते. त्यासाठी काही मिनिटे सलग, बऱ्या वेगाने चालणे लागते. वाटेत दर दोन किलोमीटरवर थांबणारी गाडी ते काम अर्धवट सोडते, आणि न जळालेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून घसरत खाली ऑइलमध्ये उतरते. अशा गाडीत डिपस्टिकवरची पातळी कमी होण्याऐवजी वाढते. ‘आमची गाडी ऑइल खात नाही, उलट वाढवते’ असे कुणी आनंदाने सांगू लागला तर त्याला लगेच ऑइल बदलायला सांगावे. आठवड्यातून एकदा अशी गाडी महामार्गावर अर्धा तास एकसारखी चालवली तर हा त्रास बराच टळतो.

महामार्गालगतच्या एका गॅरेजात ऐकलेला संवाद इथे आठवतो. पिकअपचा तरुण चालक डिपस्टिक पुसत म्हणाला, “मिस्त्री, गेल्या आठवड्यात ऑइल बदललं, आज पुन्हा काळं कुट्ट!” मिस्त्रीने मान वर न करता उत्तर दिले, “डिझेलचं ऑइल काळं होणारच, भाऊ. काजळी धरून ठेवतंय म्हणून काळं आहे. पांढरं झालं तर मात्र पळत ये.” या उत्तरात ऑइल तपासणीचे अर्धे शास्त्र आहे. रंगावरून ऑइलचे वय कळत नाही. कळते ते त्यात काय मिसळले आहे यावरून, आणि ते बहुधा डोळ्यांना दिसत नाही. इथेच प्रयोगशाळेचा संबंध येतो.

वापरलेल्या ऑइलमधले धातू मोजून इंजिनाची तब्येत ओळखण्याचे तंत्र रेल्वेकडून आले. अमेरिकेत डेन्व्हर अँड रिओ ग्रँड या रेल्वेने १९४६ च्या सुमारास डिझेल इंजिनांच्या ऑइलचे असे परीक्षण करून बिघाड आधीच ओळखायला सुरुवात केली. पुढे विमानदळांनी ते उचलले. भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही ऑइलचे नमुने स्पेक्ट्रोमीटरवर तपासण्याची पद्धत जुनी आहे. ठरावीक काळाने नमुना काढायचा, लोह, तांबे, शिसे किती आहे ते नोंदायचे आणि आकडा उसळला की इंजिन उघडायचे. मोठे खाणकाम करणाऱ्यांचे डंपर, जहाजे, वीजनिर्मितीची इंजिने अशा ठिकाणी हे नित्याचे आहे, आणि तेल कंपन्या आपल्या मोठ्या ग्राहकांना ही सोय देतात.

पण रेल्वेच्या इंजिनात ऑइल शेकडो लिटर असते. तपासणीवरून ते आणखी काही दिवस वापरता आले तर तपासणीचा खर्च तिथेच निघतो. जीपमध्ये पाच-सहा लिटर. एका नमुन्याची तपासणी, बाटली आणि कुरिअर धरून, तेवढ्या ऑइलच्या किमतीपर्यंत सहज जाते. म्हणून ‘तपासून घेतले की ऑइल जास्त दिवस चालवता येते’ हे परदेशी हौशी मालकांचे आवडते कारण आपल्या पिकअपवाल्याला लागू पडत नाही. तपासणीवर खर्च करून ऑइल वाचवण्यापेक्षा तेवढ्या पैशात ऑइल बदलावे. तपासणीचा खरा उपयोग इंजिन वाचवण्यात आहे, आणि तो कुणाला होईल हे कळण्यासाठी अहवालात काय येते ते पाहिले पाहिजे.

अहवालात धातूंचे आकडे पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग, असे येतात. लोह लायनर, क्रँक आणि कॅमकडून येते. अ‍ॅल्युमिनियम पिस्टनकडून, क्रोमियम रिंगांकडून, शिसे आणि कथील बेअरिंगच्या वरच्या थरातून, तांबे बुश, बेअरिंगचा खालचा थर किंवा ऑइल कूलरमधून. सिलिकॉन म्हणजे बहुधा माती. पण सिलिकॉन एकटेच वाढले असेल तर ते गॅस्केटच्या ट्यूबमधल्या सिलिकॉनचेही असू शकते, नुकतेच काम झालेल्या इंजिनात तर नक्कीच. सिलिकॉनबरोबर अ‍ॅल्युमिनियमही चढले आणि मागोमाग लोह व क्रोमियम चढले, तर धूळ आत जाते आहे असे समजावे. मातीत सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही असतात. अशा अहवालाने इंजिन उघडावे लागत नाही, एअर फिल्टरचा पाइप बदलावा लागतो. शंभराच्या पाइपने लाखाचे इंजिन वाचते. ऑइल तपासणीचा सर्वांत मोठा फायदा मला इथे दिसतो.

सोडियम आणि पोटॅशियम वाढले तर कूलंट ऑइलमध्ये उतरते आहे, म्हणजे हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर तपासावा. इथे आपल्याकडची एक अडचण आहे. खेड्यांत पुष्कळ जण रेडिएटरमध्ये कूलंट न घालता विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालतात. साध्या पाण्यात कूलंटची ती खूण नसते, आणि इंजिन तापल्यावर पाणी उडून जाते, म्हणून गळती असूनही अहवाल निर्धास्त दिसू शकतो. तपासणी करून घ्यायची तर आधी रेडिएटरमध्ये कूलंट घालावा. नाही तरी बोअरच्या पाण्याने आत क्षार बसून इंजिन तापतेच.

चिकटपणाचा आकडा वेगळे सांगतो. ४० ग्रेडच्या ऑइलचा चिकटपणा १०० अंश सेल्सियसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान हवा. १२.५ च्या खाली गेला तर बहुधा डिझेल मिसळले आहे. वर गेला तर काजळी किंवा ऑइल जळून घट्ट झाले आहे. बेस नंबर म्हणजे टीबीएन हा ऑइलची आम्ल जिरवण्याची उरलेली ताकद दाखवतो. नव्या ऑइलच्या निम्म्यावर आला की ऑइल बदलायची वेळ झाली असे धरतात. आता डिझेलमधला गंधक १० पीपीएमवर आल्याने पूर्वीइतके आम्ल तयार होत नाही, त्यामुळे घाटातल्या गाडीत टीबीएन शिल्लक असताना काजळी किंवा डिझेलमुळेच ऑइल आधी निकामी होताना दिसते.

एका अहवालावरून काही ठरवू नये. लोह ४० पीपीएम म्हणजे चांगले की वाईट? ५,००० किलोमीटरला ४० आणि १०,००० ला ८० असेल तर झीज एकाच गतीने चालली आहे आणि घाबरायचे कारण नाही. ५,००० ला ४० आणि पुढच्या वेळी ५,००० लाच ९० आले तर उठून पाहायला हवे. नव्या इंजिनाच्या पहिल्या ऑइलमध्ये लोह आणि तांबे जास्त येतेच. सुट्या आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. म्हणून नमुना दर वेळी एकाच पद्धतीने काढावा लागतो. गाडी चालवून इंजिन गरम करायचे, ड्रेन बोल्ट उघडल्यावर पहिली धार आणि शेवटची धार सोडून मधल्या धारेतून स्वच्छ, कोरड्या बाटलीत घ्यायचे. बाटलीवर तारीख, किलोमीटर, तास, ऑइलचे नाव आणि ग्रेड, मध्ये किती ऑइल वाढवले, हे लिहायचे. मध्ये दोन लिटर वाढवलेले असताना ते न लिहिता पाठवलेला नमुना म्हणजे पैसे पाण्यात.

आणखी एक मर्यादा सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे पुष्कळ जण फसतात. स्पेक्ट्रोमीटरला साधारण ५ ते ८ मायक्रॉनच्या वरचे कण नीट दिसत नाहीत. बेअरिंगचा तुकडा सुटला, दाता तुटला, तर ते मोठे कण फिल्टरमध्ये अडकतात आणि अहवालात आकडे जवळजवळ निर्दोष येतात. म्हणून फिल्टर कापून पाहणे हा तपासणीचा भाग आहे, आणि तो घरीच होतो. पत्र्याचा फिल्टर हॅक्सॉने कापू नये, नाही तर करवतीचाच कीस आत पडतो. फिल्टर कापायचे कटर मिळते, ते नसेल तर वरची कड छिन्नीने उचकटावी. आतल्या कागदाच्या घड्या ब्लेडने सोडवून लांब पसराव्यात, ऑइल निथळू द्यावे आणि उन्हात धरून पाहावे. काळ्या कागदावर क्वचित एखादा चमकता ठिपका चालतो. चमचमता बारीक कीस सगळीकडे पसरलेला दिसला, पितळी रंगाचे खवले दिसले किंवा लोहचुंबकाला चिकटणाऱ्या पातळ चकत्या निघाल्या, तर गाडी घाटावर नेऊ नये. ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावर करड्या रंगाचा मऊ लगदा जमणे ठीक. बोटाला टोचणारे काही असेल तर ठीक नाही.

घरच्या आणखी दोन चाचण्या स्वस्त आणि भरवशाच्या आहेत. पहिली ठिपक्याची. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा फिल्टर पेपर एका वाटीच्या तोंडावर ठेवायचा, म्हणजे मधला भाग कशाला टेकत नाही. गरम इंजिनाच्या डिपस्टिकवरून एक थेंब त्यावर सोडायचा आणि रात्रभर वाळू द्यायचा. थेंब करड्या रंगात सारखा पसरत गेला तर ऑइल काजळी अजून धरून आहे. मध्ये काळा कुट्ट, तीक्ष्ण कडेचा गोळा आणि बाहेर एकदम कोरा कागद दिसला तर काजळी धरायची ताकद संपली. सर्वांत बाहेर तेलकट फिके वलय लांब गेले असेल तर डिझेल मिसळले असण्याची शक्यता. दर महिन्याचे कागद तारीख टाकून वहीत चिकटवले की सहा महिन्यांत गाडीचा स्वभाव समोर येतो.

दुसरी पाण्याची. उघड्यावर, चूल किंवा शेगडीवर जुना पत्रा खूप तापवून त्यावर ऑइलचा एक थेंब टाकायचा, चेहरा लांब ठेवून. तडतडला तर ऑइलमध्ये पाणी आहे. स्वयंपाकाचा तवा यासाठी वापरू नये. रंगावली नदीला ऑगस्ट २०१८ मध्ये आलेला पूर नवापूर विसरलेले नाही. अशा पुरात बुडालेल्या गाडीसाठी मात्र ही चाचणीही नको. किल्लीच फिरवू नये. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी एअर फिल्टर उघडून ओला आहे का पाहायचे, मग इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफरन्शियल यांचे ऑइल काढायचे, आणि पुढचे काम मिस्त्रीवर सोडायचे.

तर प्रयोगशाळेत नमुना पाठवावा कुणी? माझ्या मते तिघांनी. जुनी जीप किंवा पिकअप विकत घेणाऱ्याने, व्यवहार पक्का होण्यापूर्वी. मोठी रक्कम देण्याआधी थोडा खर्च करून आतले बेअरिंग आणि कूलंटची बातमी मिळते. मात्र विकणाऱ्याने कालच ऑइल बदललेले असेल तर अहवाल कोराच येईल, म्हणून तेही विचारून घ्यावे. दुसरा, ज्याच्या चार-पाच गाड्या एकाच मार्गावर चालतात तो. त्याला आपल्याच गाड्यांची एकमेकींशी तुलना करता येते. तिसरा, ज्याच्या गाडीत ठिपका, फिल्टर किंवा पातळी काहीतरी सांगते आहे पण काय ते कळत नाही, तो. बाकीच्यांनी वेळेवर ऑइल, चांगला एअर फिल्टर आणि तासांची वही एवढेच सांभाळावे. महागड्या ऑइलची, त्यात घालायच्या बाटल्यांची आणि अहवालांची हौस करणारे आणि एअर फिल्टरचा फाटका पाइप टेपने गुंडाळून फिरणारे, दोन्ही एकाच गाडीत बसलेले मी पाहिले आहेत.

वॉरंटीत असलेल्या गाडीचे ऑइल घरी बदलू नये, निदान बिलाशिवाय तरी नाही. पुढे वाद झाला तर नोंदीच कामाला येतात. पण वॉरंटी संपल्यावर दुरुस्तीची माहिती कंपनीच्याच हातात राहावी, हे मला पटत नाही. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांपासून दूर ठेवल्याबद्दल सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. प्रकरण पुढे अपिलांत गेले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे आणि मोटारी ही त्यातली दोन क्षेत्रे आहेत. मुंबई-पुण्यात हा ग्राहकाच्या सोयीचा प्रश्न असेल, पण धडगावच्या पिकअपवाल्यासाठी तो दिवसाच्या कमाईचा आहे. डीपीएफचा दिवा लागला की अधिकृत केंद्र गाठायला घाट उतरून जायचे, गाडी ठेवायची आणि एसटीने परत यायचे. स्वस्त स्कॅनर आता गावच्या गॅरेजातही दिसतात, पण त्यात दिसणाऱ्या आकड्याचा अर्थ सांगणारे पुस्तक मिळत नाही.

काढलेल्या जुन्या ऑइलचे काय होते, यावर फार कमी बोलले जाते. आपल्याकडे काळे ऑइल खांबांना उधई लागू नये म्हणून फासतात, नांगराच्या फाळाला गंज धरू नये म्हणून लावतात, आणि उरलेले नाल्यात जाते. वापरलेल्या डिझेल ऑइलमध्ये त्वचेला आणि पाण्याला घातक द्रव्ये असतात. हातमोजे न घालता वर्षानुवर्षे त्यात हात बुडवणाऱ्या मिस्त्रींची कातडी पाहिली तरी पुरे. धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेले ऑइल येते, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवापूरसारख्या ठिकाणी ही व्यवस्था गॅरेजपर्यंत पोहोचली पाहिजे. तोवर घरी ऑइल बदलणाऱ्याने जुने ऑइल झाकणबंद डब्यात भरून, त्यात पाणी किंवा कूलंट न मिसळता, गोळा करणाऱ्या गॅरेजात द्यावे. विहिरीजवळ आणि शेताच्या बांधावर ओतू नये.

आपल्या भागात ऑइल तपासणी खऱ्या अर्थाने उपयोगी पडायची असेल तर एक उणीव भरून काढावी लागेल. प्रयोगशाळा जो अहवाल देते त्यातले ‘सामान्य’ आकडे महामार्गावरच्या किंवा परदेशातल्या गाड्यांवरून बसवलेले असतात. चरणमाळ रोज चढणाऱ्या, मुरमाची धूळ खाणाऱ्या बोलेरोमध्ये ५,००० किलोमीटरला किती लोह आणि किती सिलिकॉन नेहमीचे, हे कुणी लिहून ठेवलेले नाही. हे काम तालुक्याच्या आयटीआयमधली डिझेल मेकॅनिकची तुकडी करू शकते. एकाच मार्गावरच्या, एकाच इंजिनाच्या वीस पिकअप निवडायच्या. दर बदलाला गरम ऑइलचा नमुना, कापलेला फिल्टर, ठिपक्याचा कागद, तास, मार्ग, भार, एअर फिल्टर कधी बदलला, रेडिएटरमध्ये कूलंट आहे की पाणी, हे सगळे एका वहीत घ्यायचे. सगळे नमुने एकाच प्रयोगशाळेला एकगठ्ठा पाठवायचे म्हणजे दरही बरा लागतो. विद्यार्थ्यांना तपासणी कागदावर शिकवण्याऐवजी प्रत्यक्ष इंजिनाशी जोडून शिकवता येईल, आणि दोन पावसाळे व दोन उन्हाळे एवढ्या नोंदी झाल्या की नवापूरच्या गॅरेजवाल्याच्या भिंतीवर लावायला आपल्याच घाटाचा तक्ता तयार होईल.